इमारतीचा निधी आजीच्या घरी पोचू द्या : युगांडातल्या मराठी मंडळींना खुलं पत्र

प्रति,
कंपाला, जिंजा आणि एन्टेबे इथली मराठी कुटुंबं, तसंच युगांडातल्या अनाथ मुलांसाठी महाराष्ट्रातून पैसे पाठवणारे सर्व देणगीदार यांस,

सप्रेम नमस्कार.

यंदाच्या गणेशोत्सवाच्या वर्गणीतून एका अनाथाश्रमाच्या नव्या इमारतीला घसघशीत देणगी द्यावी, असं आपल्यात घाटतंय. पत्र्याच्या शेडच्या जागी पक्की इमारत, आणखी मुलांची सोय, दारावर देणगीदारांच्या नावांची पाटी. यामागच्या भावनेबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. आपण इथे पोटापाण्यासाठी आलो, या मातीनं आपल्याला सामावून घेतलं, आपली मुलं इथे वाढली. इथल्या पोरक्या लेकरांसाठी काही करावं असं वाटणं साहजिकच आहे. तरीही हा पैसा विटा-सिमेंटमध्ये जाऊ नये, असं मला मनापासून वाटतं. बैठकीत दोन मिनिटांत सांगून होण्यासारखी ही गोष्ट नाही, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

युगांडात एवढी मुलं पोरकी का झाली, हे आपल्यातल्या जुन्या लोकांना ठाऊक आहे. नव्यानं आलेल्यांसाठी थोडक्यात सांगते. १९८२ मध्ये व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी, राकाई भागातल्या कासेन्सेरो या मासेमारांच्या गावात माणसं झिजून झिजून मरायला लागली. लोक त्या आजाराला ‘स्लिम’ म्हणायचे. तो एड्स होता. पुढच्या वीस वर्षांत राकाई-मसाका पट्ट्यातली एक अख्खी पिढी, नेमकी कमावती पिढी, त्यात गेली. सरकारी दवाखान्यात औषधं फुकट मिळायला लागली ती २००४ च्या सुमारास. तिकडे उत्तरेत, गुलू आणि किटगुमकडे, १९८० च्या दशकाअखेरीपासून २००६ पर्यंत लॉर्ड्स रेझिस्टन्स आर्मी या बंडखोर टोळीनं गावंच्या गावं उठवली. संध्याकाळ झाली की हजारो मुलं पळवून नेलं जाण्याच्या भीतीनं चालत शहरात यायची आणि दुकानांच्या ओट्यांवर झोपायची. आजचे पस्तिशी-चाळिशीतले कितीतरी युगांडन, आपल्या कचेरीतले, कारखान्यातले, आपल्या मुलांचे शिक्षक, अशाच घरांतून आले आहेत. कधी विचारून पाहा.

त्या सगळ्या मुलांना कुणी वाढवलं? बहुतेकांना तरी अनाथाश्रमांनी नाही. त्यांना आज्यांनी वाढवलं, मावश्यांनी वाढवलं, थोरल्या बहिणींनी वाढवलं. बुगांडात, म्हणजे कंपाला-मसाकाच्या या भागात, माणूस गेला की काही काळानं ‘ओलुंबे’ नावाचा विधी होतो. कुळातली माणसं जमतात, वारस ठरवतात, आणि मुलं लहान असतील तर त्यांच्यासाठी ‘ओमुकुझा’, म्हणजे सांभाळणारा, कुळासमोर नेमतात. पन्नासच्या वर कुळं, प्रत्येकाचं एक चिन्ह. कुणाचं टोळ, कुणाचं मासा, कुणाचं काळं-पांढरं माकड. आपल्या कुळाचं चिन्ह असलेला प्राणी खायचा नाही आणि एका कुळात सोयरीक करायची नाही. आपल्याकडच्या देवकासारखंच आहे हे. मुलाची ओळख, जमिनीवरचा हक्क, लग्न, मेल्यावर पुरायची जागा, हे सगळं त्या कुळाशी बांधलेलं. आईबाप गेलेल्या मुलापाशीही एवढं उरलेलं असतं. आश्रमात पाच-सात वर्षं काढली की नेमकं हेच निसटतं. अठराव्या वर्षी बाहेर पडलेला मुलगा गावी जातो, तेव्हा भावकीत त्याला कुणी ओळखत नाही, आणि बापाच्या केळीच्या बागेत दुसराच कुणी राबत असतो.

आता अनाथाश्रमांबद्दल. गेल्या तीसेक वर्षांत युगांडातल्या बालगृहांची संख्या पटींनी वाढली. त्यातली बरीचशी परदेशी देणग्यांवर चालतात. गंमत वाटावी असं नाही, चिंता वाटावी असं आहे, की याच काळात एड्सनं होणारे मृत्यू झपाट्यानं कमी झाले. मुलं कमी पोरकी होत होती आणि आश्रम वाढत होते. सेव्ह द चिल्ड्रन या संस्थेनं २००९ मध्ये मांडलेल्या अहवालानुसार जगभर अशा संस्थांत राहणाऱ्या दर पाच मुलांपैकी किमान चौघांची आई किंवा वडील जिवंत असतात. युगांडाही त्याला अपवाद नाही. मग ती मुलं तिथे का? आश्रमात शाळेची फी भरली जाते म्हणून, दोन वेळचं जेवण मिळतं म्हणून. घरात पाच नातवंडं असलेल्या आजीला कुणी येऊन सांगितलं की यातल्या दोघांना शिकवतो, खाऊपिऊ घालतो, तर ती काय करील? ती त्यांना पाठवते. तिनं त्यांना टाकलेलं नसतं. फीसाठी पाठवलेलं असतं.

आणि या निकडीचा बाजार होतो, हे डोळ्यांआड करून चालणार नाही. ऑगस्ट २०२० मध्ये अमेरिकेच्या अर्थखात्यानं युगांडातल्या दोन न्यायाधीशांवर, एका वकीलबाईंवर आणि त्यांच्या पतीवर निर्बंध घातले. प्रकरण असं : खेड्यांतल्या आईबापांना सांगायचं की मुलाला कंपालात शिकवतो. मुलं आणून विनापरवाना अनाथाश्रमात ठेवायची. पुढे ती अनाथ असल्याचं दाखवून अमेरिकन कुटुंबांना दत्तक द्यायची. आईबाप वाट बघत राहिले की पोर शाळेत शिकतंय. युगांडाच्या संसदेनं २०१६ मध्येच बालकायदा कडक केला होता. परदेशी माणसाला दत्तक घ्यायचं असेल तर आधी किमान एक वर्ष देशात राहावं लागतं, आणि दत्तक न घेता नुसतं कायदेशीर पालकत्व मिळवून मूल देशाबाहेर नेण्याची पळवाट आता परदेशी माणसासाठी बंद आहे. आपण ज्या आश्रमाला देणगी द्यायचं म्हणतो तो असा आहे, असं मी चुकूनही सुचवत नाही. तिथली माणसं प्रामाणिक असतील. पण साठ खाटा बांधल्या की साठ मुलं आणावी लागतात, आणि ती मुलं बहुतेक वेळा कुणाच्या तरी घरातूनच येतात. खाटा रिकाम्या राहिल्या तर पुढची देणगी कोण देणार?

मसाकाजवळच्या एका घराबद्दल लिहिते. आम्ही काही कुटुंबं मिळून तिथल्या मुलांच्या शिक्षणाचं पाहतो. आजींना सगळे ‘जज्जा’ म्हणतात, इथे आजी-आजोबा दोघांनाही तेच म्हणतात. गिलावा न केलेल्या विटांचं दोन खोल्यांचं घर, वर पत्रा. मागे केळी, थोडी कॉफी, आणि केळीच्या सावलीत सिमेंटच्या समाध्या. त्यांच्या दोन मुली आणि एक मुलगा तिथे आहेत. नातवंडं सकाळी त्याच बाजूनं पाणी आणायला जातात, पिवळे जेरीकॅन घेऊन. पहिलं सत्र सुरू होण्याआधी जज्जांनी गादीखालून प्लॅस्टिकची पिशवी काढली. तिच्यात शाळेची यादी होती, अर्ध्या पानाची झेरॉक्स. दोन झाडू, टॉयलेट पेपरचे रोल, कागदाचं एक रीम, वह्या, पेन्सिली, गणवेश, दुपारच्या पोशोचे, म्हणजे मक्याच्या पिठाच्या जेवणाचे, पैसे. त्याच पिशवीत मागच्या वर्षीच्या सगळ्या पावत्या होत्या, घड्या घालून, सत्रवार लावून. जज्जांना वाचता येत नाही. पावत्यांचा क्रम त्यांनी शाळेच्या शिक्क्यांच्या रंगावरून लावला होता.

आपल्यातले काही म्हणतात, इथे तर प्राथमिक शिक्षण फुकट आहे. १९९७ पासून सरकारी प्राथमिक शाळांत शिकवणी फी नाही, हे खरं आहे, आणि त्या एका निर्णयानं लाखो मुलं शाळेत आली. पण वरची यादी पुन्हा वाचा. झाडू आणला नाही, जेवणाचे पैसे भरले नाहीत, परीक्षा फी राहिली, की मूल घरी पाठवलं जातं. आठवडाभर घरी, मग पंधरा दिवस घरी, मग सातवीची परीक्षा हुकते. माध्यमिकला तर खर्च एकदम चढतो. निवासी शाळा असेल तर गादी, पत्र्याची पेटी, बादली, साखर, सगळं घरून न्यायचं. कॉफीचे पैसे हंगामात एकदा येतात, शाळा मात्र वर्षातून तीनदा मागते. कोरोनात मार्च २०२० मध्ये बंद झालेल्या शाळा पूर्णपणे उघडल्या त्या जानेवारी २०२२ मध्ये. जगात एवढा काळ कुठेच शाळा बंद नव्हत्या. त्या दोन वर्षांत मुलगे विटभट्टीवर गेले, बोडाबोडा, म्हणजे भाड्याच्या मोटारसायकली, चालवायला लागले. कित्येक मुलींच्या कडेवर मूल आलं. त्यातल्या ज्या परत शाळेत आल्या, त्यांच्यामागे बहुतेकदा घरातलं कुणीतरी ठाम उभं होतं.

सरकारची मदत जज्जांना मिळत नाही का? ज्येष्ठांसाठी महिना २५,००० शिलिंगचं अनुदान आहे, पण देशभर ते मिळतं ऐंशी वर्षं पूर्ण झाल्यावर. नातवंडं सांभाळणाऱ्या बहुतेक आज्या साठी-सत्तरीतल्या आहेत. भरीला २०२५ च्या सुरुवातीला अमेरिकेनं परदेशी मदत गोठवली आणि पुढे युएसएड ही आपली मदतसंस्था बंदच केली. एचआयव्ही असलेल्या घरांतल्या मुलांसाठी चालणाऱ्या कितीतरी कामांना त्याचा फटका बसला. गावात येऊन घरं हिंडणारी, औषध घेतलं का, शाळेत गेलीस का, विचारणारी माणसं कमी झाली. आपल्या देणगीची गरज आज कुठे आहे, हे यावरून तुमच्या ध्यानात येईल.

मला वाटतं, आपण शैक्षणिक पालकत्व घ्यावं, म्हणजे मुलाच्या शाळेचा खर्च उचलावा, आणि ते घरात राहणाऱ्या मुलांचं घ्यावं. यात अवघड काही नाही. इथल्या बऱ्याच शाळा आता फी घेण्यासाठी स्कूलपे ही सोय वापरतात. प्रत्येक विद्यार्थ्याचा एक कोड असतो. तो टाकून मोबाइल मनीवरून पैसे भरले की थेट शाळेच्या खात्यात जातात आणि त्याची नोंद मिळते. मधे कुणाचा हात लागत नाही, आणि आपल्या खजिनदारांना ताळेबंदात एकेक नोंद दाखवता येते. गणवेश, पोशो आणि त्या अर्ध्या पानाच्या यादीसाठी लागणारे पैसे आजीच्या हातात द्यावेत. हो, तिच्याच हातात. तिला हिशोब कळतो. गावोगावी बायकांचे बचत गट आहेत, दर आठवड्याला पेटी उघडते, सगळ्यांसमोर पैसे मोजले जातात. गटात असलेल्या आजीला डुक्कर, शेळी, कोंबड्या घेण्यापुरतं भांडवल मिळालं तर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षापासून यादीतला काही खर्च ती स्वतःच उचलू लागते.

ही माझी कल्पना नाही. कनुंगू जिल्ह्यातल्या न्याकाग्येझी गावात ट्वेसिग्ये जॅक्सन कागुरी यांनी २००१ मध्ये न्याका ही संस्था सुरू केली. त्यांचा भाऊ आणि बहीण एड्सनं गेले होते आणि भाचरं-पुतणे मागे राहिले होते. त्यांनी शाळा काढली, पण तेवढ्यावर थांबले नाहीत. आज्यांचे गट बांधले. कुणाला घर बांधून द्यायचं, कुणाला प्रशिक्षण द्यायचं, कुणाला कर्ज द्यायचं, यात त्या गटांचाच शब्द चालतो. मुलं आश्रमात न जाता आजीपाशीच राहतात. चाइल्ड्स आय फाउंडेशन या संस्थेचं काम तर कंपालातल्या तान्ह्या बाळांच्या गृहापासून सुरू झालं. पुढे त्यांनी आपला सगळा भर बाळांना नात्यात किंवा युगांडन कुटुंबात परत पोचवण्यावर दिला. ज्यांनी आश्रम चालवून पाहिला ते काय शिकले, हे आपण आधीच ऐकून घ्यायला हवं.

पालकत्व घ्यायचं तर एक अट आपण स्वतःला घालून घेऊ. मधेच सोडायचं नाही. नववी-दहावीच्या वयात फी थांबली तर मुलाचं जेवढं नुकसान होतं तेवढं सुरुवातीलाच न मिळाल्यानं होत नाही. निवासी शाळेत घातलेली मुलगी सत्राच्या मध्यावर पेटी उचलून घरी येते तेव्हा तिच्या वयाच्या मुलीला गावात कुठले रस्ते उघडे असतात, हे मी लिहायला नको. म्हणून दहा मुलांना एक वर्ष घेण्यापेक्षा चौघांना सेकंडरी फोर, म्हणजे माध्यमिकचं चौथं वर्ष, होईपर्यंत घ्यावं. पुढे ज्याला शिकायचं तो शिकेल, ज्याला शिवण, वेल्डिंग, मोटार दुरुस्ती शिकायची त्याची ती फी भरावी. वर्षाकाठी वर्गणी किती जमेल ते सांगता येत नाही, म्हणून एका वर्षाचा खर्च नेहमी शिल्लक ठेवूनच नवं मूल घ्यावं. आपल्यातला कुणी बदली होऊन भारतात परतला तर त्याचा वाटा मंडळानं उचलावा. आपल्यात बदल्या वरचेवर होतात, म्हणून हे आत्ताच लिहून ठेवायला हवं.

आणि फोटो. हात जोडून सांगते, मुलांना रांगेत उभं करून, बॅनर धरायला लावून फोटो काढू नका. वाढदिवसाला आश्रमात केक घेऊन जायचं, मुलांना गाणी म्हणायला लावायची, तासाभरात परतायचं, हेही थांबवू या. त्या मुलांना दर रविवारी नवी माणसं कडेवर घेतात आणि सोडून जातात. २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनंच अनाथाश्रमांतल्या अशा हौशी सेवेतून मुलांचं शोषण होऊ शकतं म्हणून तिच्याविरुद्ध ठराव केला. आभाराची पत्रंही मागू नयेत. ज्या मुलाची फी आपण भरतो त्याची गुणपत्रिका शाळेकडून येईल, तेवढी पुरे. त्याला आपल्याला काही लिहावंसं वाटलं तर ते तो आपणहून लिहील.

जमिनीचा विषय आपल्या यादीत कधीच नसतो, पण तो घ्या. बाप गेल्यावर विधवेला आणि मुलांना घराबाहेर काढून भावकीनं जमीन बळकावणं इथे नवं नाही. २०२२ मध्ये वारसाकायद्यात सुधारणा झाली आणि विधवेचा आणि मुलांचा हक्क भक्कम झाला. पण कायदा कागदावर असला तरी गावात तो सांगणारा वकील लागतो. युगांडातल्या महिला वकिलांची १९७४ मध्ये स्थापन झालेली फिडा ही संघटना अशा बायकांना मोफत सल्ला देते. आपण ज्या घराचं पालकत्व घेऊ तिथे जमिनीचा कागद कुणाच्या नावावर आहे, मुलांचे जन्मदाखले काढले आहेत का, एवढं विचारावं. एका वर्षाची फी भरण्यापेक्षा बापाची दोन एकर केळी वाचवणं त्या मुलाला जन्मभर पुरेल.

तुमच्यातले काही विचारतील, मग ज्याला खरंच कुणीच नाही त्याचं काय? रस्त्यावर सोडलेलं तान्हं बाळ, घरातच अत्याचार झालेली मुलगी, यांच्यासाठी छप्पर लागतंच. त्यासाठी परवाना असलेली गृहं आहेत आणि काही फार चांगली आहेत. अशा ठिकाणी पैसे द्यायचे तर आधी तीन गोष्टी विचाराव्यात : मंत्रालयाची मान्यता आहे का, प्रत्येक मुलासाठी न्यायालयाचा आदेश आहे का, आणि गेल्या वर्षी किती मुलं घरी किंवा पालक कुटुंबात परत गेली. तिसऱ्या प्रश्नाला उत्तर मिळालं नाही तर पुढे जाऊ नये. मुलांचं कल्याण पाहणाऱ्या जिल्ह्याच्या प्रोबेशन अधिकाऱ्याला भेटावं, एलसी-वन म्हणजे गावच्या स्थानिक परिषदेच्या अध्यक्षाला भेटावं. एखादं मूल संकटात दिसलं तर ११६ या मुलांसाठीच्या सौती हेल्पलाइनवर फोन करावा. तो क्रमांक आपल्या सगळ्यांच्या मोबाइलमध्ये असायला हवा.

महाराष्ट्रातून पैसे पाठवणाऱ्यांना आणखी एक सांगायचं आहे. आपल्या मनात अनाथ म्हटलं की आश्रम येतो, आणि त्यामागे मोठी पुण्याई आहे. सिंधुताई सपकाळांनी रस्त्यावरची, स्टेशनांवरची मुलं पोटाशी धरली, कारण त्यांना धरणारं दुसरं कुणी नव्हतं. त्या कामापुढे मान झुकते. पण ज्या मुलाला आजी आहे, मामा आहे, त्याच्यासाठी आपल्या राज्यानंही वेगळी वाट काढली आहे. बालसंगोपन योजनेत मूल नात्यातच राहतं आणि दरमहा २,२५० रुपये त्या घराला मिळतात. कोरोनात आईबाप गमावलेल्या कितीतरी मुलांना महाराष्ट्रात याच योजनेनं आधार दिला. जे साताऱ्यातल्या, बीडमधल्या मुलासाठी आपल्याला योग्य वाटतं, तेच मसाकातल्या मुलासाठी का नसावं?

पुढच्या बैठकीत माझा ठराव असा राहील : इमारतीसाठी ठरवलेला निधी शैक्षणिक पालकत्वाकडे वळवावा, मसाका किंवा राकाई भागातल्या, आजी किंवा नात्यातल्या कुणापाशी राहणाऱ्या मुलांची निवड प्रोबेशन अधिकाऱ्याच्या आणि गावातल्या बायकांच्या गटाच्या सल्ल्यानं करावी, आणि मुलांची नावं-फोटो बाहेर कुठेही छापू नयेत. पाहणीला जाण्यासाठी मी आणि आणखी दोन भगिनी तयार आहोत. आपल्यापैकी ज्यांना लुगांडा, म्हणजे इथली बोली, चांगली येते असं कुणी सोबत आलं तर फार बरं होईल. वर्गणी सप्टेंबरात जमते आणि नवं शालेय वर्ष फेब्रुवारीत सुरू होतं. म्हणजे मुलं निवडायला, कोड मिळवायला आणि पहिल्या सत्राची फी भरायला आपल्या हातात चार महिने आहेत. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत पैसे शाळेच्या खात्यात पडायला हवेत, नाहीतर पहिल्याच सोमवारी मुलं घरी पाठवली जातील.

ज्यांना ठराव मान्य नसेल त्यांनी बैठकीआधी मला जरूर फोन करावा. चहाला घरी या, त्या यादीची झेरॉक्स माझ्यापाशी आहे, ती समोर ठेवून बोलू.

आपली,
कंपालातली एक सभासद